स्वतःचे नाटक स्वतः बसविणाऱ्यास



आपल्या विहारासमोर जयंतीच्या दिवशी जे नाटक होते ते बहुधा वस्तीतीलच एखाद्या तरुणाने लिहिलेले असते, आणि दुसरा कोणी मिळत नाही म्हणून ते बसवितोही तोच. ही आपली उणीव आहे असे पुष्कळांस वाटते. मला तसे वाटत नाही. परंतु लेखन आणि दिग्दर्शन ही दोन्ही कामे एकाच माणसाने अंगावर घेतली म्हणजे त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आपण केला पाहिजे. त्यासाठी एका नाटककाराचे उदाहरण मी आपणांपुढे ठेवितो.

हबीब तन्वीर यांचा जन्म १९२३ साली रायपूर येथे झाला. ‘आग्रा बाजार’ हे नाटक त्यांनी १९५४ साली स्वतः लिहून स्वतःच बसविले. पुढे इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन ते परतले आणि १९५९ साली त्यांनी ‘नया थिएटर’ ही संस्था काढली. छत्तीसगडच्या खेड्यांत ‘नाचा’ करणारे कलावंत त्यांनी हाताशी घेतले. हे कलावंत रात्र रात्र गावकऱ्यांना खिळवून ठेवणारे. परंतु तन्वीर यांच्या तालमीत ते अवघडून जात. असे का व्हावे? याची कारणे पुढे तन्वीर यांनीच सांगितली आहेत. ते या कलावंतांना त्यांची छत्तीसगढी सोडून हिंदी बोलावयास लावीत. शिवाय कोणी कोठून यावे, कोठे उभे राहावे, हे आधीच आखून देत. ज्यांस अक्षरओळख नाही त्यांस ही आखणी बंधनासारखी वाटे. दोष कलावंतांचा नव्हता, पद्धतीचा होता. १९७० नंतर तन्वीर यांनी ती पद्धत सोडली आणि कलावंतांना त्यांच्या मायबोलीत बोलू दिले.

‘चरणदास चोर’ हे त्याचे फळ होय. मूळ कथा राजस्थानचे विजयदान देथा यांची. एक चोर गुरूला खोटे न बोलण्याचे वचन देतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, अशी आणखी चार वचने तो थट्टेने देऊन बसतो. पुढे हे सर्व त्याच्यापुढे खरोखरच चालून येते. तो ते नाकारतो आणि त्यापायी प्राण देतो. या कथेत तन्वीर यांना सतनामी पंथाचे ‘सत्य हाच ईश्वर’ हे तत्त्व दिसले. अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांस गुरू घासीदास यांनी ते शिकविले होते. तन्वीर यांनी सतनाम्यांचे पंथी गीत व नृत्य नाटकात आणले. प्रवेश कलावंतांच्या उत्स्फूर्त बोलण्यातून उभे केले. १९७५ साली आकारास आलेल्या या नाटकास १९८२ साली एडिनबरो येथे पारितोषिक मिळाले.

यातून आपण काय घ्यावे? स्वतःचे नाटक बसविणाऱ्यास एक मोठी सोय असते : वाक्य बदलण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाही. परंतु धोकाही तेथेच आहे. आपल्या मनातील अर्थ त्याला ठाऊक असतो, म्हणून तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच असे तो धरून चालतो. तालमीत एखादी बाई एका वाक्यापाशी दर वेळी अडखळत असेल, तर तिला रागावण्यापूर्वी ते वाक्य तपासा. तिच्या घरी असे कोणी बोलते काय, हे तिलाच विचारा. लिहिताना लेखक व्हा. तालमीत मात्र पहिला प्रेक्षक व्हा. जे वाक्य केवळ आपल्या विद्वत्तेसाठी आले असेल ते निर्दयपणे काढा.

आणखी एक गोष्ट. तन्वीर यांचे निधन २००९ साली झाले. त्याच वर्षी सतनामी समाजातील काहींनी या नाटकावर आक्षेप घेतला आणि छत्तीसगड शासनाने ते शाळांतील वाचनातून वगळले. नाटक बंद पाडणे हा वादाचा मार्ग नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि ज्यांचे जीवन आपण रंगमंचावर मांडतो, त्यांस प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. लेखक आणि दिग्दर्शक एकच असला म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय राहत नाही. उत्तर त्यालाच द्यावे लागते.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविषयी इतरांनी लिहिले आणि आपली सोंगेही इतरांनीच आणली. आज लेखणीही आपली आहे आणि तालीमही आपली आहे. म्हणून आपल्याच वस्तीतील माणसाच्या तोंडी उसनी भाषा घालू नका. ज्या मातेस वाचता येत नाही तिलाही तालमीस बोलवा, तिचे ऐका, आणि मगच पडदा उघडा.

जयभीम.