एका हातमोज्याचा हिशोब

(भिवंडीत घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात समारोपाच्या वेळी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दोन दिवस आपण कात्री, सुई आणि मशीन घेऊन बसलो. नाताळात केक भाजताना लागणारा ओव्हनचा हातमोजा शिवायला शिकलो. समोरच्या दोरीवर तुमचे मोजे टांगलेत. लाल, हिरवे, पांढरे. कुणी चांदणी काढली, कुणी घंटा, कुणी काटेरी पानं. बघून माझं मन भरून आलं.

पण काल संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "हे मोजे आपण नाताळच्या आधी वसईला नेऊन विकायचे आहेत, तर किंमत किती लावायची?" तेव्हा थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून एकीनं विचारलं, "ताई, वीस रुपये?" आणि तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "वीस जास्त होतील गं, कोण घेणार?"

आज मला फक्त या वीस रुपयांबद्दल बोलायचं आहे. वीस हा आकडा तुमच्या तोंडी कुठून आला? तुम्ही तो मोजून काढला नव्हता. माल आणून देणारा माणूस जो दर सांगतो, त्याच्या आसपासचाच आकडा आपल्या जिभेवर येतो. भाजी घेताना आपण पाव किलोचा हिशोब तोंडपाठ करतो, पण स्वतःच्या कामाचा हिशोब करायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

तर चला, एक मोजा घेऊन हिशोब करू.

आपल्यापैकी कितीजणींच्या घरी ओव्हन आहे, असं मी काल विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. आपण पातेलं फडक्यानं उतरवतो, नाहीतर सांडशीनं. घाईत असलो तर पदरानं किंवा ओढणीनं. पदर पेटून भाजलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेव्हा तापलेल्या भांड्यापासून हात वाचवणं म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मोज्याचं कामही तेवढंच आहे. तो शोभेचा असला तरी आधी हात वाचवणारा हवा.

आणि तो शिवायचा कसा, तेही निम्मं तुम्हाला येतच होतं. आत कापसाचा थर, वर-खाली सुती कापड आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. ही आपली गोधडीच झाली. गोधडी ऊब देते ती थरांत अडकलेल्या हवेमुळे. तीच हवा भट्टीची धग हातापर्यंत येऊ देत नाही. म्हणूनच ओला मोजा कधी वापरायचा नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. पाणी धग लगेच आत नेतं, वाफ होते आणि हात भाजतो.

कापडाबद्दलही वाद झाला. एकीनं घरातले पॉलिएस्टरचे तुकडे आणले होते. तिचं बरोबर आहे, भिवंडीत ते हवे तेवढे मिळतात. पण पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं. केक १८० अंशांच्या आसपास भाजतात हे खरं, पण मोजा चुकून तापलेल्या कॉइलला टेकला तर वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. म्हणून बाहेरचं कापड, अस्तर, भरण आणि दोरासुद्धा सुतीच हवा. जरीचा दोरा, टिकल्या, प्लॅस्टिकचे मणी चालणार नाहीत. भरतकाम हाताच्या पाठच्या बाजूला करायचं, तळव्याच्या बाजूला नाही. कारण ताट धरतो ती बाजू सपाट आणि जाड राहिली पाहिजे.

त्या काटेरी पानांबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं, हे कसलं झाड? ते परदेशातलं होली नावाचं झाड आहे. नाताळात त्याची हिरवी पानं आणि लाल फळं दारावर लावतात. आपण कुणी ते पाहिलेलं नाही. पण खाडीकडच्या एका मावशीनं नमुना बघून सांगितलं, "ही तर मारांडी!" खाडीच्या चिखलात उगवणाऱ्या मारांडीचं पान अगदी तसंच, कडेला काटे असलेलं. मावशींनी मग नमुना बाजूला ठेवला आणि मनातली मारांडी काढली. कडेला उलटी टीप, मधे भरीव टाका, लाल फळांना गाठीचा टाका. तो मोजा दोरीवर पहिला आहे.

आता घड्याळ. काल मावशी शिवत होत्या तेव्हा मी शेजारी वही घेऊन बसले होते. कागदावर हाताचा खाका काढून, शिवणीसाठी चारी बाजूंनी जागा सोडून कापड बेतायला १० मिनिटं लागली. नक्षी उतरवून भरतकाम करायला ७५ मिनिटं. थर एकावर एक ठेवून धावदोरा घालायला २५. दोन्ही बाजू जोडणं, अंगठ्याच्या बेचक्यात कात देणं, मोजा उलटवणं, मनगटाला पट्टी लावून अडकवायची नाडी शिवणं यांत २५ मिनिटं. दोरे कापून इस्त्री करायला १०. बेरीज १४५ मिनिटं, म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं. मधे मावशी नातवाला जेवायला वाढायला उठल्या, तो वेळ मी धरलेला नाही.

आठ तासांच्या दिवसात असे तीन मोजे होतात आणि चौथा अर्धवट राहतो. वीसच्या दरानं दिवसाचे सहासष्ट रुपये. त्यातून कापड, दोरा, सुई, मशीनचं तेल आणि विजेचं बिल वजा करा. हातात काय उरलं ते तुम्हीच सांगा.

भिवंडी यंत्रमागाचं गाव म्हणून ओळखलं जातं. माग चालवणारा पुरुष कामगार सगळ्यांना दिसतो. पण कांड्या भरणाऱ्या, धागे कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, गठ्ठे घरी आणून शिवणाऱ्या बाईला कुणी कामगार म्हणत नाही. तीही स्वतःला म्हणत नाही. विचारलं तर सांगते, "मी घरीच असते, फावल्या वेळात थोडं शिवते." अहो, पहाटे चारला उठून काढलेला वेळ फावला कसा?

मीही असंच म्हणत होते. नाताळच्या चांदण्या मी जून-जुलैच्या पावसात शिवल्या आहेत, कारण माल बोटीनं परदेशी दुकानांत पोचायला आठवडे लागतात. घरात छत गळत होतं आणि मी गठ्ठा पलंगावर ठेवून स्वतः ओल्या जमिनीवर झोपत होते. एकदा ठेकेदारानं माझे अख्खे दोन डझन नग परत केले. म्हणाला, "शिवण वाकडी आहे." मजुरी नाहीच, वर कापडाचे पैसे कापले. मी रडले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गठ्ठा घेऊन आले. मला वाटायचं, मी त्याची नोकर नाही, तेव्हा भांडणार कुठल्या तोंडानं?

हे माझं चुकीचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात 'कर्मचारी' कुणाला म्हणायचं ते लिहिलेलं होतं. दुसऱ्यानं दिलेला माल स्वतःच्या घरी नेऊन शिवणारा, सजवणारा, दुरुस्त करणारा कामगारही त्यात धरलेला होता. 'सजवणारा' हा शब्द लक्षात ठेवा, भरतकाम त्यातच येतं. आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात नगावर काम करणारे शिंपी हे दुकानाचे कामगार आहेत असा निकाल दिला. त्यांतले काही जण कापड घरीही नेत असत. न्यायालय म्हणालं, शिवलेला माल नापास करण्याचा आणि पुन्हा शिवून मागण्याचा हक्क मालकाकडे असेल, तर त्याचा कामावर ताबा आहे. म्हणजे ज्या नापास मालानं मला रडवलं, तोच माझ्या कामगार असण्याचा पुरावा होता!

आता ते जुने कायदे जाऊन नव्या संहिता आल्या आहेत. वेतन संहिता २०१९ ची आणि सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरी काम करणारा कामगार' अशी वेगळी व्याख्या आहे. मशीन आणि सामान मालकाचं असो की तुमचं, त्यानं फरक पडत नाही. ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे आणि ती फुकट होते. जिनं केली नसेल तिनं जाताना टेबलावर नाव द्यावं.

पण कायदा कागदावर असतो आणि गठ्ठा दारात येतो. या दोघांच्या मधे काय हवं? १९०६ साली लंडनमध्ये एक प्रदर्शन भरलं होतं. घरी बसून राबणाऱ्या बायका तिथे लोकांसमोर बसून काम करत होत्या, आणि कुणाला किती तासांचे किती पैसे मिळतात ते छापून ठेवलं होतं. ज्या बायका त्या वस्तू दुकानांतून हौसेनं घेत होत्या, त्यांना पहिल्यांदा वस्तूमागचे तास दिसले. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, तिथे कायदा झाला आणि तयार कपडे शिवण्यासारख्या धंद्यांत कमीत कमी मजुरी ठरवायला मंडळं नेमली गेली. आपल्याकडे १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी अहमदाबादला 'सेवा' उभी केली, तेव्हा घरी राबणाऱ्या बाईला कामगार म्हणा हीच मागणी होती. १९९६ च्या जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांचा १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारतानं त्याला आजपर्यंत मान्यता दिलेली नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं आहे ते वहीचं. रोज लिहा: माल कुणी दिला, किती नग, कधी बसलो, कधी उठलो, काय मिळालं, किती नापास. जिला लिहिता येत नाही तिनं मुलीकडून लिहून घ्यावं.

दुसरं मागणं आपल्या गावापुरतं आहे. ठेकेदार शांतीनगरात सांगतो, "पद्मानगरच्या बाया कमी दरात करतात." पद्मानगरात सांगतो, "शांतीनगरच्या करतात." आपण एकमेकींकडे जाऊन विचारत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी आपल्या मनात जी भिंत घातली, तिचा फायदा मजुरी पाडायला होतो. काल इथे आपा, अक्का आणि ताई एकाच सतरंजीवर बसून एकमेकींचे टाके बघत होत्या. तसेच दरही बघा. दोन मोहल्ल्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की खोटं उघडं पडतं.

आता पुन्हा किंमत. समजा, मिनिटाला एक रुपया धरला, म्हणजे आठ तासांचे ४८० रुपये. सरकारी दर नेमका काय आहे तो कामगार कार्यालयातून लिहून आणायचं काम आपण दोघींवर सोपवलं आहे, तोवर हिशोबाला हा आकडा धरू. मावशींच्या मोज्याची मजुरी १४५ रुपये. कापड, भरण, दोरा यांचे ४० धरले तर १८५. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च.

तुम्ही म्हणाल, इतक्याला कोण घेणार? प्रश्न बरोबर आहे. काहीजणी घेणार नाहीत. मग भरतकाम कमी करा. फक्त एक चांदणी साखळी टाक्यानं काढली तर १५ मिनिटांत होते, ७५ ची गरज नाही. म्हणजे ६० मिनिटं वाचली आणि मोजा १२५ रुपयांत बसला. नक्षी कमी करा, पण कापसाचा थर कमी करू नका, कारण त्यात कुणाचा तरी हात जाणार आहे. आणि मजुरीही कमी करू नका, कारण त्यात तुमचा हात आहे.

पुढच्या आठवड्यात आपण भिवंडी रोडहून गाडीनं वसईला जाऊ. तिथल्या ख्रिस्ती बायका आपल्यासारख्याच मराठी बोलतात. नाताळात केकबरोबर करंज्या आणि कलकल करतात, त्यासाठी रात्र रात्र जागतात. सणाचं काम म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागणार नाही. प्रत्येक मोज्याला आपण एक चिठ्ठी बांधू. तिच्यावर किंमत असेल आणि खाली लिहिलेलं असेल, हा मोजा शिवायला किती मिनिटं लागली. त्यांना वाचू दे. त्या घासाघीस करतील, करू देत. आपण हिशोब दाखवू.

मावशींनी मघाशी त्यांची चिठ्ठी लिहून घेतली, मला दाखवली आणि हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिवते गं, पण वेळ आज पहिल्यांदा लिहिला."

वह्या दाराजवळ ठेवल्या आहेत. प्रत्येकीनं एक घेऊन जा.