सेनियोच्या तीरावरचा निमजचा शिपाई



संगमनेर तालुक्यातील निमज या गावी १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, हा अवर्षणाचा मुलूख. अशा मुलखातील तरुणाला पलटणीची वाट अनोळखी नसते. नामदेवरावही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये दाखल झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर जाऊन पोहोचले.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्या पलटणीसमोर सेनियो नदी होती. नदी म्हणावी तर पात्र जेमतेम १५ फुटांचे, पाणी ४-५ फूट खोल. पण दोन्ही तीरांवर ३० ते ३५ फूट उंचीचे उभे बांध होते. ते पोखरून जर्मनांनी आत मोर्चे बसविले होते आणि पूर्वेकडील बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंगांचा पट्टा पेरला होता. ९ एप्रिलच्या सायंकाळी सान पोलितोच्या उत्तरेस मराठे या बांधांवर चालून गेले.

नामदेवराव कंपनीचे संदेशवाहक होते. कंपनी कमांडरच्या सोबत राहायचे आणि त्याचे हुकूम तुकड्यांपर्यंत न्यायचे, एवढेच त्यांचे नेमून दिलेले काम. पाण्यातून पलीकडे निघताच त्यांच्या गटावर पाठीमागून, पूर्व बांधाच्या आतल्या बाजूच्या तीन मोर्चांतून, गोळ्यांचा वर्षाव झाला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे सारे ठार झाले. धडधाकट उरले ते एकटे नामदेवराव. त्यांनी एका जखमी जवानाला उचलले, नदीतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून तो उभा चढ चढून सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन दुसऱ्यालाही आणले. सुरुंग पेरलेल्या उतारावरून, मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात खांद्यावर माणूस घेऊन चढणे काय असते, याची कल्पना घरी बसून यायची नाही!

येथेच ते थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. तिसऱ्यांदा बांध ओलांडून ते जवळच्या मोर्चावर धावले आणि टॉमीगनने तो बंद पाडला. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना. ती फेकून त्यांनी हातगोळे घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून आणखी मागून आणले. उरलेले दोन्ही मोर्चे असे पडले. मग ते बांधावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागे अडकलेल्या जवानांना हाताने पुढे बोलावले. या गर्जनेची नोंद १९ जून १९४५ च्या लंडन गॅझेटातही आहे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा त्यांचे वय होते २३ वर्षे. त्याच दिवशी, त्याच नदीवर, सरहद्दीकडील पलटणीतील शिपाई अली हैदर यांनीही तोच सन्मान मिळविला. २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्य शरण आले.

ज्या ध्वजाखाली हे सारे घडले तो आपला नव्हता, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. भारतातून सुमारे २५ लाख लोक त्या युद्धात स्वेच्छेने भरती झाले होते. पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही, आणि साहेबाच्या इतिहासात ते पुरवणीत राहिले. पण नामदेवरावांनी पाण्यातून ओढून आणलेले दोन जीव कोणत्या ध्वजाच्या खात्यावर मांडायचे? हा हिशेब त्या साम्राज्याशी नाही, तो पलटणीतल्या भावाशी आहे.

त्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडले. त्यांचा पुतळा माणगावला आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने गावानेही त्यांच्या नावे स्मारक उभारले. रणात पडलेल्याचे स्मरण समाजाला सोपे जाते. जो जखमी हात घेऊन परत येतो आणि पुढची अनेक वर्षे आपल्यातच वावरतो, त्याच्याकडे मात्र मान वळवून पाहायलाही सवड नसते. नामदेवराव हवालदार झाले. सेनियोच्या त्या सायंकाळनंतर ३९ वर्षांनी, २ ऑगस्ट १९८४ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६२ वर्षांचे होते.