मोरा बंदरातून दिसणारा विमानप्रवासाचा हिशेब

भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला येणारी लाँच, १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेली उरण लोकल व त्याच दिवशी उद्घाटन झालेला अटल सेतू यांच्या जोडीला २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानेही सुटू लागली असल्याने, कोणत्या प्रवासाचा हवामानावर किती भार पडतो हा प्रश्न या टापूत आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

हा भार प्रवासी-किलोमीटरवर, म्हणजे एका प्रवाशाला एक किलोमीटर नेताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर मोजतात. विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो. शिवाय उंची गाठतानाच इंधन सर्वाधिक वेगाने जळत असल्याने जवळचे उड्डाण दर किलोमीटरला अधिक महाग पडते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास असला, तरी सुमारे दहा किलोमीटर उंचीवर धुरातील वाफ गोठून उमटणारे हिमकणांचे पट्टे पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता अडवतात, त्यामुळे विमानांमुळे होणारी एकूण तापमानवाढ त्या आकड्यावरून वाटते त्याहून मोठी आहे.

रेल्वेत पोलादी चाक पोलादी रुळावर फिरत असल्याने घर्षण अल्प असते व एकाच गाडीत हजारो प्रवासी बसतात. म्हणूनच भारतातील वीज बहुतांशी कोळशावर तयार होत असूनही माणशी उत्सर्जन विमानापेक्षा कितीतरी कमी राहते. लाँचचे वजन पाणी पेलते, मात्र वेग वाढला की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून संथ, भरलेली लाँच काटकसरीची ठरते, तर मोजक्या प्रवाशांची वेगवान बोट विमानाइतकीही खर्चिक होऊ शकते.

ओहोटीला मोरा धक्क्यापाशी गाळ उघडा पडून लाँच खोळंबली, की ज्यांना परवडते ते प्रवासी मोटारीकडे वळतात, आणि एकट्या माणसाची मोटार दर किलोमीटरला विमानाच्या पंक्तीला जाऊन बसते. परदेशी जाण्यास विमानाला पर्याय नाही हे मान्य करूनही, पुणे, नाशिक, रत्नागिरीसारख्या अंतरांसाठी रेल्वेलाच अग्रक्रम मिळाला पाहिजे. आणि धक्क्याचा गाळ वेळेवर उपसणे व लोकलच्या फेऱ्या वाढवणे ही कामे नागरी सोयीइतकीच हवामानरक्षणाचीही मानली गेली पाहिजेत.