तळे राखण्याची पाळी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी मंडळाचे गुणगान करावे, असा शिरस्ता आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही आज मंडळाच्या अंगणाविषयी बोलणार आहोत. मात्र अंगणात येण्यापूर्वी या जबलपूर शहरातून आपणांस एक फेरफटका घडवावयाचा आहे.

हे शहर बावन्न तळ्यांचे, असे इथली जुनी माणसे अजूनही अभिमानाने सांगतात. गढ्याच्या गोंड राजांनी खडकाळ टेकड्यांवरून धावत येणारे पावसाचे पाणी पायथ्याशी अडविले आणि एकेक 'ताल' भरत गेला. संग्रामशहाचा संग्रामसागर, राणी दुर्गावतीचे राणीताल, प्रधान आधारसिंहाच्या नावाचे आधारताल आणि राणीच्या दासीच्या नावाचे चेरीताल, अशी परंपरा सांगितली जाते. राणीच्या तळ्याशेजारी दासीचेही तळे नांदते, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. तळे म्हणजे पाणी, घाट, देऊळ, वडा-पिंपळाची सावली आणि चार माणसांची बैठक. सार्वजनिक सोय हा शब्द आपण पुढे शिकलो. ती सोय आधीपासून होती, आणि तिला तिकीट नव्हते.

आज काय दिसते? हाथीतालवर वसाहत आहे, चेरीतालवर दाट वस्ती आहे, मढातालात बाजार आहे आणि राणीतालच्या जागेत क्रीडासंकुल उभे आहे. भंवरतालच्या नशिबी निदान उद्यान आले. हनुमानताल, आधारताल, देवताल अजून पाणी धरून आहेत. बाकी कित्येक तळी आता टपालाच्या पत्त्यापुरतीच उरली. कोणा एकाने ती बुजविली असे नाही. कोणाला घर हवे होते, कोणाला दुकान, कोणाला डासांची भीती होती. प्रत्येकाचे कारण खरेच होते. परंतु वर्षाला १२५ सेंटिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाने जावे कुठे, याचे उत्तर कोणीच दिले नाही. मग ओमती नाला फुगतो, पाणी घरांत शिरते आणि उन्हाळ्यात त्याच वस्तीतल्या विहिरी कोरड्या पडतात.

हे शहाणपण आपणांस कोणी सांगितलेच नव्हते, असेही नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१७ साली जबलपूरच्या नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. डासांच्या भयाने तळी बुजवू नका, ती स्वच्छ करा, त्यांत मासे आणि बदके सोडा म्हणजे डासांच्या अळ्या ती खातील, असे त्यांनी हिंदुस्थानातील शहरांसाठी लिहून ठेवले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी, असे म्हटले आहे. म्हणजे माणशी दहा बाय बारा फुटांची एक खोली, फक्त छपराविना. एवढे आपल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते काय, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहून ठरवावे.

मोकळ्या जागेचे मोल या शहराला एका पहाटे कळले. २२ मे १९९७ रोजी चारच्या सुमारास भूकंप झाला आणि सारे जबलपूर घराबाहेर आले. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी पुढच्या रात्री याच अंगणात, याच कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून काढल्या. शेजारच्या हिंदीभाषक घरांतल्या आयाबायाही लेकरे घेऊन इथेच आल्या. त्या वेळी आम्ही कोणालाही सभासदत्वाची पावती विचारली नाही.

त्याच अंगणावर दुमजली मंगल कार्यालय बांधावे, असा प्रस्ताव आपल्यापुढे आहे. मंडळाला उत्पन्न हवे, लग्नकार्यासाठी जागा हवी, हे आम्हांला मान्य आहे. खरे सांगावयाचे, तर पहिल्या बैठकीत आम्हीही अनुकूल हात वर केला होता. घरी परतताना हाथीतालच्या रस्त्यावर मनात आले की, इथले तळे बुजविणाऱ्यांनीही असाच हात वर केला असेल.

म्हणून आमची विनंती अशी. जुन्या कोठीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या जागी वर मजला चढवावा; सभागृह थोडे लहान झाले तरी चालेल. अंगणात फरशी घालू नये. छपराचे पाणी गाळून आपल्या विहिरीत सोडावे. कडुनिंबाभोवती पार बांधावा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे, आणि सकाळ-संध्याकाळ फाटक आळीतल्या सर्वांसाठी उघडे राहावे.

यात खर्च आहे, उत्पन्नात तूट आहे. पण बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा बंगळूरचे रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जागा बागेसाठीच राखली. त्यांना लढावे लागले. आपल्याला केवळ आपलाच हात आवरावयाचा आहे.

बंधुभगिनींनो, आपले वाडवडील रेल्वेच्या, कारखान्यांच्या, शाळांच्या नोकरीनिमित्त इथे आले. परमुलखात आपण घर जपतो, भाषा जपतो, गौरी-गणपती जपतो. मात्र शहर जपणे हे 'त्यांचे' काम मानतो. पन्नास वर्षे राहिलेला पाहुणा, पाहुणा राहत नाही. तळे राखी तो पाणी चाखी, अशी आपली म्हण आहे. पाणी आपण भरपूर चाखले. आता राखण्याची पाळी आपली आहे, आणि आपल्या वाट्याला आलेले तळे म्हणजे हे अंगण.

मतदानाच्या वेळी आमचा हात या बाजूला असेल. आपलाही असावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.