दशमीची शिदोरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तत्पूर्वी आपल्याकडील प्रवास म्हणजे पायी अथवा बैलगाडीने, मजल-दरमजल करीत. वाटेत चूल पेटेलच अशी खात्री नसे. म्हणून घरची माउली फडक्यात दशम्या बांधून देई. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची भाकरी वा पोळी.

ही दशमी मुलांकडून करवून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे दूध, एवढेच साहित्य. तापवलेले दूध कोमट झाल्यावरच त्यात गूळ विरघळवावा. कढत दुधात गूळ पडल्यास ते नासते. हे दूध थोडे थोडे घालून कणीक घट्ट भिजवावी, अर्ध्या तासाने जाडसर लाटावी आणि मंद आचेवर भाजावी, कारण गूळ लवकर करपतो. मळणे-लाटणे मुलांचे; तव्यापाशी मात्र वडीलधारे माणूस असावे. दशमी पुरती निवल्यावरच बांधावी. वाफ कोंडली तर बुरशी धरते. दुधातील स्निग्धांशाने व गुळाने ती पोळीपेक्षा अधिक काळ मऊ राहते.

मुले विचारतील, "पाण्यात का भिजवायची नाही?" या प्रश्नाला अर्धे उत्तर देऊ नये. टिकाऊपणा हे एक कारण. दुसरे असे की, पाण्यातले अन्न स्पर्शाने विटाळते, दुधातले विटाळत नाही, अशी सोवळ्याओवळ्याची समजूत होती. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तेच हे पाणी! आपल्या गोड शिदोरीत हा कडू अंशही बांधलेला होता.

आपले मंडळ एका ज्ञातीचे आहे. म्हणूनच हे येथे बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. दशमी राखावी, विटाळ टाकावा. सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालविणाऱ्या श्रीकृष्णाचा गोपाळकाला आपण भक्तिभावाने साजरा करतोच ना? मग मुले सहलीस निघतील तेव्हा दोन दशम्या अधिक बांधून द्या, आणि सोबत्याने आपल्या डब्यातले पुढे केले तर ते आनंदाने घ्यावे, हेही सांगा. मुलांच्या हाती द्यावयाची खरी शिदोरी हीच होय.