स्वगत आणि शाळा

चित्र काढणारे मूल पुष्कळदा स्वतःशीच बोलत असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी या बोलण्याला आत्मकेंद्री म्हटले. वयाबरोबर ते लोप पावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रशियातील लेव विगोत्स्की यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. हवी ती रंगीत पेन्सिल मिळेनाशी केली. तेव्हा हे स्वगत जवळजवळ दुपटीने वाढले! मूल बोलता बोलता वाट शोधीत होते. पुढे हेच बोलणे आत वळते आणि विचाराचे रूप घेते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ साली, त्यांच्या निधनानंतर निघाला. स्टालिनच्या राजवटीत तो दडपला गेला व १९५६ मध्ये पुन्हा छापला गेला.

हा निष्कर्ष आपल्या शाळांना लावून पाहिला पाहिजे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीचे कूळ वेगळे. घरी केवळ कोरकू बोलणारे मूल मराठी वर्गात येते, गप्प बसते आणि मंद ठरते. वस्तुतः त्याचे विचाराचे साधनच दाराबाहेर राहिलेले असते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगते. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध मराठीची बाजू घेणाऱ्यांनी तेच माप कोरकूलाही लावावे. आरंभीची वर्षे कोरकूतून, मग क्रमाने मराठी, हाच न्याय्य मार्ग होय. स्वतःच्या मुलासाठी भाषा मागणाऱ्याने शेजारच्या मुलाला मुके करू नये.