मनी प्लँट : बाटलींतून कुंडींत

खिडकींतल्या बाटलींत मनी प्लँटची वेल नाहीं, असें घर शहरांत आज क्वचितच आढळतें. ही वेल विकत घेऊं नये, दुसऱ्याच्या घरून गुपचूप खुडून आणावी, म्हणजे घरीं लक्ष्मी नांदते, असा एक समज आहे. परंतु घाईनें खुडणाऱ्याच्या हातीं बहुधा नुसतें पान लागतें. त्याला एखादे वेळीं मुळें फुटलीं, तरी नवा कोंब कांहीं येत नाहीं.

या वेलीचें मूळ स्थान पॅसिफिक महासागरांतील मूरेआ हें लहानसें बेट होय. शास्त्रांत तिला एपिप्रेम्नम ऑरियम म्हणतात. अळूच्याच कुळांतील ही वेल जवळजवळ कधींच फुलत नाहीं. फुलण्यास लागणारें जिबरेलिन हें द्रव्य तिच्या अंगीं पुरेसें तयार होत नाहीं, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. फूल नाहीं म्हणून बीं नाहीं. अर्थात् तिचा वंश माणसाच्या कात्रीवरच चालतो.

ही कात्री कोठें लावावी, यांतच सारें मर्म आहे. पान जेथें खोडाला चिकटतें, ती गांठ म्हणजे पेर. नवीं मुळें आणि नवा कोंब तेथूनच निघतात. दोन-तीन पेरें असलेला निरोगी तुकडा सर्वांत खालच्या पेराच्या किंचित् खालीं कापावा. खालचें पान काढून टाकावें, नाहींतर तें पाण्यांत कुजतें. पेर पाण्यांत बुडालेलें असावें. उजेड भरपूर, पण कडक ऊन नाहीं, अशा जागीं दोन-तीन आठवड्यांत मुळें दिसूं लागतात.

येथपर्यंत बाटली उपकारक ठरते. पुढें तीच घातक होऊं शकते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस डांस अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यांत वाढतो. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अंडीं पाण्याच्या रेषेलगत बाटलीच्या भिंतीला चिकटतात, आणि कोरडीं पडलीं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पाणी ओतून देऊन बाटली आंतून घासून काढावी. नुसती भर घालणें व्यर्थ होय.

मुळें दोन-तीन इंच वाढतांच वेल कुंडींत हलवावी, हें उत्तम. कुंडीच्या तळाला भोंक असावें. माती, वाळू व कुजलेलें शेणखत यांचें मिश्रण भुसभुशीत असावें. वरची इंचभर माती सुकल्याखेरीज पाणी घालूं नये, आणि तळाच्या बशींत तें साचूं देऊं नये. या वेली तहानेपेक्षां अतिपाण्यानेंच अधिक मरतात. उजेड अपुरा पडल्यास पानांवरील पिवळी नक्षी फिकी होऊन नवीं पानें नुसतीं हिरवीं येतात.

कच्चें अळू घशाला खाजतें, तें त्यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळें. तेच स्फटिक या वेलींतही असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते व सूज येते. रांगतें मूल किंवा मांजर असलेल्या घरांत वेल उंचावर टांगावी, आणि छाटलेले तुकडे जमिनीवर पडूं देऊं नयेत. घराला शोभा आणणारी वस्तु घरच्यांस अपायकारक न व्हावी, हा गृहव्यवस्थेचा पहिला नियम आहे.